कर्त्यावाचून कर्म

3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने अलिबागच्या दक्षिणेस रायगडचा किनारा ओलांडला, आणि रेवदंड्यापासून मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धनापर्यंतच्या ज्या माडा-पोफळींच्या वाड्या उभ्या करण्यात दोन-दोन, तीन-तीन पिढ्यांचे श्रम खर्ची पडले होते, त्यांतल्या कितीतरी एका दुपारीत आडव्या झाल्या. तलाठ्यांनी पंचनामे केले, मोडलेल्या झाडांच्या याद्या सरकारदफ्तरी दाखल झाल्या, आणि पुन्हा फळावर येण्यास माडाला किती वर्षे लागतात याचा हिशेब घरोघर मांडला गेला. ते दुःख अपार होते, परंतु त्यात संशयाला जागा नव्हती, कारण वारा सर्वांच्याच वाडीवरून गेला होता. याउलट, भर उभ्या वाडीत एकाच ओळीतला एखादा माड काही कारण दिसत नसता पिवळा पडू लागतो, त्याची पोय खुरटते, शेजारचा माड मात्र शहाळ्यांनी लगडलेला राहतो, तेव्हा त्या घरातील बोलण्याचा सूरच पालटतो. कोणाची दृष्ट लागली काय, राखणदाराची राखण द्यायची राहिली काय, बांधापलीकडच्या भाऊबंदाने काही केले काय, असे प्रश्न एकामागून एक उभे राहतात. जे अरिष्ट सर्वांवर सारखे येते ते मनुष्य दैवाच्या खाती टाकतो. जे निवडून एकावरच येते त्याला मात्र तो कर्ता मागतो.

ही मागणी केवळ भाबडेपणाची आहे असे मी मानीत नाही. कार्य आहे त्या अर्थी त्याचा कर्ता असलाच पाहिजे, हे अनुमान आपल्या नैयायिकांनी थेट ईश्वरसिद्धीपर्यंत नेले आणि उदयनाचार्यांसारख्या प्रखर बुद्धीच्या पुरुषाने त्यावर ग्रंथ रचला. तर मीमांसकांनी, निरीश्वर सांख्यांनी आणि जैन दार्शनिकांनी तितक्याच निष्ठेने ते अनुमान नाकारले. वाडीच्या बांधावर उभ्या राहिलेल्या माणसाचा प्रश्न आणि या पंडितांचा वाद यांचे मूळ एकच आहे. कर्त्यावाचून कर्म संभवते काय? आणि संभवत असेल, तर दोष, पाप आणि उत्तरदायित्व या गोष्टी कोणाच्या पदरात घालावयाच्या? या प्रश्नाची परीक्षा पाहावयाची तर ती जेथे कर्ता जवळजवळ शून्यवत होतो आणि कर्म मात्र प्रचंड असते अशा ठिकाणी पाहावी, आणि तसे स्थान वनस्पतींच्या रोगविज्ञानाने गेल्या अर्धशतकात आपल्यापुढे ठेवले आहे.

मूळचे स्वित्झर्लंडचे थिओडोर डायनर हे अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथील सरकारी कृषिसंशोधन केंद्रात बटाट्याच्या एका रोगाचा माग काढीत होते. या रोगात बटाटा गोलसर न भरता लांबट व निमुळता होतो. विषाणूचा संशय धरून त्यांनी शोध चालवला, परंतु विषाणूच्या अंगावर प्रथिनाचे जे कवच असते ते त्यांना कोठेच सापडेना. अखेर 1971 मध्ये त्यांनी जाहीर केले की या रोगाचे कारण म्हणजे आरएनए या रसायनाचा एक अत्यंत आखूड, उघडावाघडा रेणू होय, आणि त्याला त्यांनी ‘व्हायरॉइड’ हे नाव दिले. पुढे 1976 मध्ये हा रेणू टोकांवाचूनचे एक बंद कडे आहे हे सिद्ध झाले, आणि 1978 मध्ये जर्मन संशोधकांनी त्याची समग्र अक्षरमाला वाचली, तेव्हा ती अवघ्या 359 घटकांची निघाली. तंबाखूच्या पानांवर ठिपके पाडणारा प्रसिद्ध विषाणूसुद्धा सुमारे 6,400 घटकांचा आहे, यावरून या वस्तूचे लाघव ध्यानात यावे. परंतु लाघवाहूनही विलक्षण गोष्ट निराळीच आहे. विषाणू कितीही लहान असला तरी स्वतःच्या उपयोगाची दोन-चार प्रथिने बनवण्याची आज्ञा त्याच्याजवळ लिहिलेली असते. व्हायरॉइडाजवळ एकाही प्रथिनाची आज्ञा नाही. तो काही सांगत नाही, काही घडवीत नाही, कोणते साधन बरोबर आणीत नाही. तरीही तो वनस्पतीच्या पेशीत शिरला की त्याच्या असंख्य प्रती निघतात, आणि पुष्कळदा ती वनस्पती रोगी होते.

किनाऱ्यावरील वाचकाला यांतील सर्वांत जवळची वाटावी अशी कथा फिलिपाइन्समधील माडांची आहे. तेथील लुझॉन बेटाच्या आग्नेय भागात ‘काडांग-काडांग’ नावाच्या रोगाने गेल्या शतकात तीन कोटींहून अधिक माड मेले. या रोगात आरंभी नारळ अधिक गोल होतात व त्यांच्या सालीवर ओरखडे उमटतात, पानांवर पिवळसर ठिपके दिसू लागतात, मग फुलोरा थांबतो, झावळ्या लहान लहान येऊ लागतात, आणि कित्येक वर्षांच्या क्षीणतेनंतर झाड मरते. 1975 मध्ये ऑस्ट्रेलियातील जॉन रँडल्स यांनी या रोगाचा संबंध एका आखूड आरएनएशी जोडून दाखवला. पुढे ठरले की तो एक व्हायरॉइडच आहे, आणि त्याचे सर्वांत लहान रूप अवघ्या 246 घटकांचे आहे. ज्या वृक्षाच्या प्रत्येक अवयवावर आपल्या आगरातील संसार उभा आहे, त्या साठ-सत्तर फुटी वृक्षाला 246 अक्षरांची ही निःशब्द माळ निर्जीव करून टाकते. भारतात या रोगाची नोंद नाही, हे आपले मोठे भाग्य होय.

आता या प्रती निघतात तरी कशा, हे सावकाश पाहिले पाहिजे, कारण आपल्या प्रश्नाचा सारा मर्मभाग त्यात आहे. पेशीच्या केंद्रकात वनस्पतीचा मूळ दस्तऐवज, म्हणजे तिचा डीएनए, जतन केलेला असतो. त्यातील हव्या त्या भागाची आरएनएच्या रूपाने नक्कल काढण्याचे काम ‘आरएनए पॉलिमरेज दोन’ नावाच्या विकराकडे असते. एखाद्या जुन्या दफ्तरखान्यात नेमलेला नक्कलनवीस अत्यंत इमानी, अत्यंत जलद, परंतु समोर आलेला कागद हुजुराचा आहे की परक्याचा हे न पाहता केवळ अक्षरावर अक्षर उतरवून काढणारा असावा, तशी या विकराची योजना आहे. त्याचा खरा अधिकार डीएनएची नक्कल काढण्याचा. परंतु व्हायरॉइडाचा रेणू स्वतःवरच दुमडून जी लांबट, दुपदरी आकृती धारण करतो, ती त्या विकराला डीएनएसारखीच ग्राह्य वाटते, आणि तो त्या परक्या कागदाची नक्कल सुरू करतो. व्हायरॉइडाजवळ सनद नाही, शिक्का नाही, मुखत्यारपत्र नाही. आकृती तेवढी आहे, आणि तेवढ्यावर दफ्तराचा दरवाजा उघडतो.

नक्कल काढण्याचा नियम तर सर्व जीवसृष्टीला समान आहे: अॅडेनीनसमोर युरॅसिल आणि ग्वानीनसमोर सायटोसीन. परंतु मूळ कागद कडे असल्यामुळे त्याला आरंभ नाही आणि अंतही नाही. विकर लिहीत लिहीत एक फेरा पुरा करतो आणि न थांबता दुसऱ्या फेऱ्यात शिरतो, तिसऱ्या फेऱ्यात शिरतो; अशा रीतीने मूळ अक्षरांच्या उलट, पूरक अक्षरांची एक लांबच लांब पट्टी निघते, जीत तोच मजकूर अनेकदा लागोपाठ असतो. मग या उलट्या पट्टीवरून पुन्हा सुलट्या अक्षरांची तशीच लांब पट्टी निघते. आता तिचे एकेका प्रतीएवढे तुकडे पडावयास हवेत. तेही काम वनस्पतीचेच एक विकर करते, ज्याचा नेहमीचा उद्योग पेशीच्या स्वतःच्या आरएनएची काटछाट करण्याचा आहे. शेवटी प्रत्येक तुकड्याची दोन टोके जुळवून कडे बंद करावयाचे; त्यासाठी ‘डीएनए लायगेज एक’ हे विकर पुढे येते, ज्याची नेमणूक डीएनएच्या खंडित धाग्यांची सांधणी करण्यासाठी झालेली असते. लेखन, छेदन आणि बंधन या तिन्ही क्रिया यजमानाच्या नोकरांकडून यजमानाच्याच खर्चाने पार पडतात, आणि त्यांपैकी एकही नोकर आपल्या स्वभावधर्माबाहेर पाऊल टाकीत नाही.

हे नुसते तर्काने मांडलेले नाही. 1979 मध्ये म्यूलबाख आणि झेंगर या जर्मन संशोधकांनी वनस्पतीच्या सुट्या पेशींवर एक मार्मिक प्रयोग केला. एका विषारी अळंबीपासून मिळणारे अमानिटिन नावाचे विष अल्प प्रमाणात दिले असता ते मुख्यत्वे ‘पॉलिमरेज दोन’लाच जखडते आणि पेशीतील इतर नक्कल-विकर बरेचसे मोकळे राहतात. असे विष त्या पेशींना देताच व्हायरॉइडाच्या प्रती निघणे खुंटले. गुन्ह्याच्या जागी हात कोणाचा होता हे या प्रयोगाने दाखवले, आणि तो हात घरच्याच माणसाचा निघाला.

व्हायरॉइडांचे दुसरे एक कुल आहे, ज्याचा मुक्काम केंद्रकात नसून हरितलवकात असतो. त्या कुलातील आरएनए आपली लांब पट्टी स्वतःच्याच विशिष्ट घडीच्या बळावर छेदतो. एवढी एक क्रिया त्याची स्वतःची म्हणता येईल. बाकी लेखन आणि बंधन तेथेही यजमानाच्याच विकरांवर सोपवलेले असते. तयार झालेल्या प्रती मग पेशी-पेशींमधल्या सूक्ष्म वाटांनी शेजारी जातात आणि अन्नरस वाहणाऱ्या नलिकांतून मुळांपासून शेंड्यापर्यंत पसरतात.

आणि रोग? तो तरी व्हायरॉइड करतो काय? या बाबतीत पीचच्या झाडावरील संशोधनाने 2012 मध्ये जे दाखवले ते आपल्या विचाराच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. परका आरएनए दिसताच त्याचे बारीक तुकडे करावयाचे आणि त्या तुकड्यांच्या आधारे तसाच मजकूर जेथे आढळेल तेथे तो नष्ट करावयाचा, अशी संरक्षणाची व्यवस्था प्रत्येक वनस्पतीपाशी असते. पीचच्या झाडावर येणाऱ्या एका व्हायरॉइडाचे असे केलेले तुकडे योगायोगाने झाडाच्याच एका आवश्यक संदेशाशी जुळतात. मग संरक्षणाची ती व्यवस्था आपल्याच संदेशाचा उच्छेद करते, हरितलवके घडत नाहीत, आणि पाने पांढरी पडतात. म्हणजे येथे प्रती काढणारे हात झाडाचे आहेत, आणि घाव घालणारे हातही झाडाचेच आहेत.

या ठिकाणी गीतेच्या अठराव्या अध्यायातील एक विवेचन मला फार साहाय्यक वाटते. रायगड जिल्ह्याने गेल्या शतकात गीतेचे दोन थोर प्रवक्ते महाराष्ट्राला दिले, पेण तालुक्यातील गागोदे गावी 1895 मध्ये जन्मलेले विनोबा आणि रोह्याला 1920 मध्ये जन्मलेले पांडुरंगशास्त्री आठवले. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी कैद्यांपुढे गीतेवर जी प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी जी उतरवून घेतली, त्यांचा प्रसाद मराठी घरांत पोचलेला आहे. त्यामुळे पुढील पाच संज्ञा वाचकाला अपरिचित नसतील. कोणतेही कर्म सिद्ध होण्यास पाच कारणे लागतात असे भगवंतांनी सांगितले आहे: अधिष्ठान, कर्ता, करण, नानाविध चेष्टा आणि पाचवे दैव. जो या पाचांना विसरून केवळ आत्म्यालाच कर्ता समजतो त्याची दृष्टी संस्कारहीन आहे, असाही निर्णय तेथेच दिला आहे.

ही पाच कारणे आपल्या प्रकरणाला लावून पाहू. पेशीचे केंद्रक हे अधिष्ठान झाले. लिहिणारे, छेदणारे व सांधणारे अशी तीन विकरे ही करणे झाली. फेऱ्यामागून फेरा लिहिणे, तुकडे पाडणे, कडे जुळवणे आणि पेशीपेशींतून संचार करणे या चेष्टा झाल्या. दैव म्हणजे लहर किंवा नशीब असा अर्थ येथे घ्यावयाचा नाही. शंकराचार्यांनी दैव म्हणजे इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या आदित्यादी देवता असा अर्थ केला आहे. ज्या व्यापक व्यवस्थेच्या आधाराने इंद्रियांचा व्यापार चालतो ती व्यवस्था, असे त्याचे तात्पर्य मी घेतो. अॅडेनीनसमोर युरॅसिलच यावे हा जो नियम गवताच्या पात्यापासून ऋषींच्या देहापर्यंत सर्वांना धारण करून राहिला आहे, तोच येथे दैवाच्या जागी आहे. राहिला कर्ता. त्या जागी कोणाला बसवावे? व्हायरॉइडाला बसवावे तर त्याने दिली ती केवळ आकृती. फलाची इच्छा, हिताहिताची जाणीव, इतकेच काय, बाह्य जगाची यत्किंचित संवेदनाही त्याच्या ठायी नाही. झाडाला बसवावे तर हे कर्म त्याच्या प्रकृतीच्या विरुद्ध आहे. चार आसने भरली आहेत, पाचवे रिकामे आहे, आणि तरीही कर्म पूर्णत्वाला जाते.

यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला आक्षेप जडवाद्याचा. तो म्हणेल की व्हायरॉइडाच्या बाबतीत जे उघड दिसले ते सर्वत्रच खरे आहे. मनुष्य म्हणजेही रेणूंचा समुदाय, त्याचे कर्मही करणे, चेष्टा आणि नियम यांतून निपजते, तेव्हा कर्त्याचे आसन सर्वत्रच रिकामे समजावे आणि पाप-पुण्याची भाषा सोडून द्यावी. दुसरा आक्षेप अध्यात्माच्या नावाने येतो. ज्याच्या ठायी अहंभाव नाही आणि ज्याची बुद्धी लिप्त होत नाही, तो मारूनही मारीत नाही, असे त्याच अध्यायात म्हटले आहे. मग ज्याच्यापाशी अहंकाराचा लेशही नाही असा हा रेणू जीवन्मुक्तांच्या पंक्तीला बसावयास काय हरकत आहे?

दुसऱ्याचे उत्तर आधी देतो, कारण त्यात पहिल्याचे बीज आहे. अहंकाराचा अभाव दोन ठिकाणी आढळतो, जाणिवेच्या अलीकडे आणि जाणिवेच्या पलीकडे. दगड, वारा आणि व्हायरॉइड हे अलीकडचे. त्यांना लिप्त होता येत नाही म्हणून ते अलिप्त आहेत. ज्ञानी पुरुष पलीकडचा. त्याला सर्व काही कळते, आणि कळूनही तो स्वार्थाने बांधला जात नाही. बाहेरून पाहणाऱ्याला ही दोन्ही स्थाने सारखी भासली तरी त्यांच्यामध्ये संपूर्ण नीतिशास्त्राचा प्रदेश पसरलेला आहे, आणि आपण सामान्य माणसे त्याच प्रदेशाचे रहिवासी आहोत. आपल्याला कळते, आणि कळल्याने आपण बांधले जातो. ‘मी केवळ निमित्त’ असे म्हणून जो मनुष्य कळूनसवरून अनर्थ घडू देतो, तो पलीकडे पोचलेला नसतो; तो अलीकडे उतरलेला असतो.

आता पहिला आक्षेप. कर्त्याचे आसन सर्वत्र रिकामे आहे काय, याचे उत्तर विदर्भातील संत्र्याच्या बागेत शोधावे असे मी म्हणतो. संत्र्याचे कलम डोळा भरून करतात. खाली खुंट एका जातीचा, वर डोळा दुसऱ्या जातीचा. जंबेरी आणि रंगपूर लाइम हे तेथील दोन परिचित खुंट. लिंबूवर्गीय झाडांत ‘एक्झोकॉर्टिस’ नावाचा जो व्हायरॉइड असतो, तो डोळ्यातून आला तरी जंबेरीच्या खुंटावरील झाड बहुधा निरोगी दिसते. रंगपूर लाइमच्या खुंटावर मात्र काही वर्षांनी खुंटाची साल तडकू लागते आणि झाड खुरटते. व्हायरॉइड तोच, अक्षरे तीच, आणि परिणाम दोन. ऑस्ट्रेलियासारख्या देशांत तर लिंबूवर्गीय झाडे ठेंगणी राहावीत, फळे हाताशी यावीत, म्हणून सौम्य व्हायरॉइड मुद्दाम झाडात सोडण्याचे प्रयोग यशस्वी झाले आहेत. तेव्हा अनिष्ट ही त्या रेणूत भरून ठेवलेली वस्तू नव्हे. ते त्याच्या आणि यजमानाच्या संबंधातून उत्पन्न होते. जगातील दुष्टतेचे एक स्वतंत्र तत्त्व कल्पून त्याच्याशी झुंजत बसणाऱ्या धर्मविचारांपेक्षा, अनिष्टाला संबंधात पाहणारी आपल्याकडील दृष्टी या दृश्याला अधिक न्याय देते असे मला वाटते.

परंतु हा संबंध जुळला कसा, हे पाहू गेल्यास एका झाडातून दुसऱ्यात व्हायरॉइड नेणारी एक प्रमुख वस्तू म्हणजे कलम करणाराचा चाकू होय, हे आढळते. रोगी झाडावर चाललेले पाते तसेच निरोगी झाडावर चालले की काम झाले. या व्हायरॉइडाचे खरे स्वरूप 1972 मध्ये सेमँसिक आणि वेदर्स यांनी उघड केले. त्याच्या कित्येक पिढ्या आधीपासून कलम बांधणारे कुशल हात आपल्या पोटच्या पोरासारख्या वाढवलेल्या बागांत हा रोग स्वतःच फिरवीत होते, आणि त्यांच्यावर तिळभरही दोष नाही. ते त्या वेळी पंचकारणांपैकी केवळ करण होते. आज मात्र हे ठाऊक झाले आहे की ज्योतीवर पाते धरल्याने हा रेणू नाश पावत नाही, उष्णता त्याला मानवते, पण सोडियम हायपोक्लोराइटच्या पातळ द्रावणात, म्हणजे घरोघरच्या ब्लीचमध्ये, पाते बुडवले की तो नष्ट होतो. आणि हेही ठाऊक झाले आहे की डोळा तपासलेल्या, निरोगी मातृवृक्षाचा घेतला तर रोग मुळातच येत नाही. हे ज्याला कळले त्याने न धुतलेला चाकू चालवला, तर हात तोच, पाते तेच, क्रिया तीच असूनही आता ते कर्म त्याचे झाले. मधल्या काळात विश्वात नवे द्रव्य काही उत्पन्न झाले नाही. ज्ञान तेवढे आले, आणि ज्ञान येताच रिकाम्या आसनावर कर्ता बसला.

जडवाद्याला माझे उत्तर हे आहे. कारणांच्या साखळीत ज्या ठिकाणी जाणीव शिरली असता पुढील परिणाम पालटू शकतो, त्या ठिकाणाला कर्ता म्हणावयाचे. व्हायरॉइडाच्या साखळीत असे ठिकाण केंद्रकात नाही, विकरात नाही, आकृतीत नाही. ते चाकू धरणाऱ्या मनुष्यात आहे, आणि तेथे ते निश्चित आहे. कर्म कर्त्यावाचून घडू शकते, पण उत्तरदायित्व जाणिवेवाचून उत्पन्न होत नाही. आणि एकदा जाणीव उत्पन्न झाली की ते टाळता येत नाही.

या विचाराची दुसरी बाजू अधिक तातडीची आहे. कर्ता सापडत नसला की मनुष्य पुष्कळदा सोसणाऱ्यालाच कर्ता ठरवतो. वाडी आजारली तर वाडीवाल्याच्या पूर्वजांची फिर्याद निघते. देह आजारला तर त्या देहाचे पूर्वजन्मीचे पाप निघते. कुष्ठरोगाच्या बाबतीत आपल्या समाजाने हे शतकानुशतके केले. 1873 मध्ये नॉर्वेत हॅन्सनने त्या रोगाचे जंतू पाहिले, तरी गावकुसाबाहेर घातलेल्या माणसांवरील आरोप त्या दिवशी मागे घेतला गेला नाही. पनवेलजवळ नेरे येथील शांतिवनात ज्यांनी अशा रुग्णांच्या सेवेला आयुष्य वाहिले, त्यांनी कर्मसिद्धांताचे खंडन करण्यात वेळ घालवला नाही. ‘याने काय केले असेल’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘याच्यासाठी आता काय करावयाचे’ हा प्रश्न हाती घेतला. कर्माचा नियम हा स्वतःच्या आचरणाला लावण्याचा मापदंड आहे, शेजाऱ्याच्या दुःखावर चालवण्याचा खटला नव्हे. जैन दर्शनाने वनस्पतीला एकेंद्रिय जीव मानून तिच्याही दुःखाची दखल घेतली, आणि त्यातून निष्कर्ष काढला तो आपण अधिक जपून वागण्याचा. मला ती दिशा खरी धार्मिक वाटते.

ही दिशा आपल्या किनाऱ्यावर आणली तर तिला प्रत्यक्ष कर्तव्याचे रूप येते. उरण तालुक्यातील न्हावा-शेवा बंदर 1989 पासून जगभरचा माल उतरवून घेत आहे. परदेशांतून येणाऱ्या बियाण्याची, रोपांची व फळांची तपासणी व्हावी म्हणून 2003 चा वनस्पती संगरोध आदेश अंमलात आहे. प्रवासाहून परत येताना कौतुकाने सामानात लपवून आणलेला एखादा निराळ्या जातीचा नारळ, किंवा रुमालात गुंडाळलेली एखादी फांदी, ही त्या आणणाऱ्याला निरुपद्रवी भेट वाटते. परंतु तिच्यात 246 अक्षरांचा असा कागद असू शकतो, ज्याची नक्कल काढण्यास आपल्या माडाचे इमानी नक्कलनवीस तत्काळ सिद्ध होतील. काडांग-काडांग एका झाडातून दुसऱ्यात नेणारा कोणताही कीटक आजवर सिद्ध झालेला नाही, आणि रोग जडलेला माड बरा करणारे औषधही नाही. अशा स्थितीत बंदरावरची तपासणी हाच पहिला आणि बहुतांशी शेवटचा उपाय आहे. तेथील कारकुनाची ती तपासणी म्हणजे निव्वळ सरकारी अडवणूक असे मानण्याचा प्रघात आहे. मी तिला श्रीवर्धनच्या रोठा सुपारीच्या आणि अलिबाग-मुरूडच्या माडांच्या रक्षणाचे व्रत म्हणेन, कारण व्रताचे सार हेच की फल डोळ्यांना दिसत नसतानाही नियम पाळावयाचा. रोग आला नाही तर कोणाचेही आभार मानले जाणार नाहीत. आणि निष्काम कर्माचे याहून स्वच्छ उदाहरण मला सुचत नाही.

वादळात पडलेल्या वाड्या पुन्हा उभ्या राहत आहेत. नव्या लागवडीचे रोप कोणत्या मातृवृक्षाचे, ते कोणाकडून आणले, कोयती आणि चाकू एका झाडाहून दुसऱ्या झाडाकडे नेताना धुतले की नाही, एवढे विचारणे हा आज वाडीवाल्याच्या नित्यधर्माचा भाग झाला पाहिजे. राखणदाराला नारळ ठेवणाऱ्याच्या श्रद्धेचा मला आदर आहे. त्या श्रद्धेचा खरा आशय हाच की ही वाडी केवळ माझी नाही, मी तिचा विश्वस्त आहे, आणि तिचे रक्षण करणाऱ्या शक्तीला मी उत्तरदायी आहे. त्या शक्तीने रक्षणाचे जे ज्ञान आज आपल्या हाती दिले आहे, ते न वापरता केवळ नारळ ठेवून मोकळे होणे ही तिचीच अवज्ञा ठरेल. ‘हे कोणी केले’ या प्रश्नाला व्हायरॉइडाच्या प्रकरणात उत्तर नाही, आणि ते नसल्याने विश्वाच्या न्यायात काही उणे पडत नाही. ‘हे कोणी थांबवावयाचे’ या प्रश्नाला मात्र उत्तर आहे. ते ज्याला कळले त्याचे नाव त्या रिकाम्या जागी लिहिलेले आहे, आणि ते खोडून दुसऱ्याचे लिहिण्याचा अधिकार त्याला नाही.